अंगावरचा काटा आणि जिवाचा घोर : ताणाचे रसायन व मराठी वाक्यरचना

१. उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –

• ताणाच्या प्रसंगी मेंदूत व शरीरात कोणती रसायने कोणत्या क्रमाने कार्य करतात, हे सांगता येईल.
• शीघ्र ताण आणि दीर्घकालीन ताण यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• भीती व चिंता व्यक्त करणाऱ्या मराठी वाक्प्रचारांचा शारीरिक आधार उलगडून दाखवता येईल.
• ‘अनुभव घेणारा’ आणि ‘कर्ता’ यांतील व्याकरणिक भेद ओळखून त्याच्या सामाजिक परिणामांची चर्चा करता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वाक्प्रचार म्हणजे मूळ शब्दार्थाहून वेगळ्या अर्थाने रूढ झालेला शब्दसमूह, ही व्याख्या आपल्या परिचयाची आहे. मात्र काही वाक्प्रचार मूळ शब्दार्थापासून फारसे दूर गेलेले नसतात. शरीरात प्रत्यक्ष जे घडते तेच ते सांगत असतात. भीती, धास्ती, चिंता यांविषयीचे मराठी वाक्प्रचार या प्रकारचे आहेत. ते समजून घेण्यासाठी शरीरशास्त्राची थोडी ओळख करून घेणे उपयुक्त ठरते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दोन प्रसंग डोळ्यांसमोर आणू. पहिला प्रसंग अकोले तालुक्यातला. प्रवरेच्या खोऱ्यातील या बागायती पट्ट्यात उसाच्या मळ्यांतून बिबट्यांचा वावर असतो. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून येथे केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दाट लोकवस्तीच्या या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे राहत असल्याचे त्यात दिसून आले. रात्रीच्या विजेवर उसाला दारे धरण्यासाठी गेलेल्या शेतकऱ्याला बॅटरीच्या उजेडात बांधावर दोन डोळे चमकताना दिसतात. घरी परतल्यावर तो सांगतो, “माझ्या अंगावर काटाच आला.”

दुसरा प्रसंग जिल्ह्याच्या दक्षिण भागातला. पाथर्डी, जामखेड, कर्जत हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. तेथील एखाद्या शेतकऱ्याच्या विहिरीने तळ गाठला आहे, सोसायटीचे कर्ज थकले आहे आणि मुलीचे लग्न तोंडावर आले आहे. त्याला रात्र-रात्र झोप नाही, जेवण जात नाही. त्याच्याविषयी घरचे लोक सांगतात, “त्यानं लई टेन्शन घेतलंय.”

दोघांच्याही शरीरात ताणाची रसायने कार्य करीत आहेत. तरीही पहिल्या वाक्यात काटा ‘आला’ आहे, तर दुसऱ्या वाक्यात टेन्शन ‘घेतले’ आहे. हा फरक केवळ क्रियापदाचा आहे काय? की त्यामुळे त्या दोन माणसांकडे पाहण्याची आपली दृष्टीही बदलते? या घटकात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

३. विषय-विवेचन

३.१ ‘ताण’ ही संज्ञा

‘ताण’ हा शब्द ‘ओढणे, पसरवणे’ या अर्थाच्या संस्कृत ‘तन्’ या धातूशी संबंधित आहे. दोरीला ताण देतात, तंबूलाही ताण देतात. इंग्रजीतून आलेला ‘टेन्शन’ हा शब्द ‘ओढणे’ याच अर्थाच्या लॅटिन धातूपासून सिद्ध झाला आहे. हे दोन्ही धातू एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मूळ रूपापर्यंत जातात. म्हणजे ‘टेन्शन’ हा शब्द परका वाटला, तरी तो ‘ताण’ या शब्दाचा दूरचा भाऊबंदच आहे.

शरीरशास्त्रात या विषयाचा पाया दोन संशोधकांनी घातला. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेदना, भूक, भीती व क्रोध या अवस्थांत होणाऱ्या शारीरिक बदलांचे विवेचन केले. संकटात सापडलेला प्राणी झुंज देण्यासाठी किंवा पळून जाण्यासाठी सज्ज होतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. त्यानंतर १९३६ साली कॅनडातील माँट्रिऑल येथे काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले की, थंडी, जखम, विष, अतिश्रम अशी कारणे भिन्न असली, तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखा असतो. या प्रतिसादाचे त्यांनी तीन टप्पे मानले : इशारा, प्रतिकार आणि थकवा. पुढे या प्रतिसादासाठी ‘स्ट्रेस’ ही संज्ञा त्यांच्यामुळे रूढ झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या अर्थाने ताण म्हणजे बाहेरची घटना नव्हे. बिबट्या किंवा कर्ज ही ताणाची कारणे आहेत. त्यांना तोंड देण्यासाठी मेंदू व शरीर मिळून जो प्रतिसाद देतात, तो ताण होय.

३.२ काही क्षणांचे रसायन

मेंदूच्या दोन्ही अर्धांत खोलवर बदामाच्या आकाराचा एकेक पेशीसमूह असतो. त्याला ‘अमिग्डाला’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही बदाम असाच आहे. धोक्याची चाहूल लागताच हा पेशीसमूह उत्तेजित होतो. समोर काय आहे याचा सावकाश विचार पूर्ण होण्याआधीच त्याचा संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकाकडे जातो. तेथून स्वायत्त चेतासंस्थेच्या ‘अनुकंपी’ शाखेला चालना मिळते. स्वायत्त चेतासंस्था म्हणजे आपल्या इच्छेची वाट न पाहता हृदय, आतडी, रक्तवाहिन्या, ग्रंथी यांचे नियमन करणारी चेतासंस्था होय.

याच वेळी दोन रसायने कामाला लागतात. पहिले नॉरअॅड्रेनालिन. ते अनुकंपी चेतातंतूंच्या टोकांतून स्रवते. शिवाय मेंदूच्या देठातील एका छोट्या केंद्रातून ते मेंदूभर पोहोचते आणि लक्ष एकाच गोष्टीवर खिळवून ठेवते. दुसरे अॅड्रेनालिन. प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक छोटी अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्या अंतर्भागातून अॅड्रेनालिन थेट रक्तात मिसळते. १९०१ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी ते स्फटिकरूपात वेगळे केले. ‘अधिवृक्क’ ही मराठी संज्ञा किती नेमकी आहे पाहा : वृक्क म्हणजे मूत्रपिंड आणि अधि म्हणजे वर. ‘संप्रेरक’ हा शब्दही तसाच अर्थवाही आहे. रक्तातून जाऊन दूरच्या अवयवाला कार्यास प्रेरित करणारे ते संप्रेरक. त्याच्या इंग्रजी पर्यायाचे मूळ असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही ‘चालना देणे’ असाच आहे.

अनुकंपी शाखेला मिळालेल्या चालनेचा शरीरावरील परिणाम आणि मराठी वाक्प्रचार शेजारी ठेवून पाहू.

• छातीत धडधडणे : हृदयाचे ठोके जलद व जोरकस होतात, त्यामुळे स्नायूंना अधिक रक्त मिळते.
• अंगावर काटा येणे : केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आकुंचन पावतात व केस उभे राहतात. दाट केसांच्या प्राण्यांत यामुळे शरीर मोठे दिसते. माणसात त्याची केवळ खूण उरली आहे.
• तोंडचे पाणी पळणे, घशाला कोरड पडणे : पातळ लाळेचे प्रमाण घटते. अन्नपचन ही त्या क्षणाची निकड नसते.
• पोटात गोळा येणे : पचनसंस्थेकडील रक्त स्नायूंकडे वळते व आतड्यांची नेहमीची हालचाल बिघडते.
• चेहरा पांढराफटक पडणे, हातपाय गार पडणे : त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात.
• दरदरून घाम फुटणे : तळहात, तळपाय व कपाळ येथील घर्मग्रंथींना चालना मिळते.
• डोळे विस्फारणे : बाहुल्या रुंदावतात व अधिक प्रकाश आत येतो.
• हातपाय लटपटणे : अॅड्रेनालिनमुळे स्नायूंना कंप सुटतो.

प्रयोगशाळा नसलेल्या काळात सामान्य माणसांनी स्वतःच्या शरीराचे केलेले हे निरीक्षण आहे. त्यांना रसायनांची नावे ठाऊक नव्हती, परंतु परिणामांची यादी त्यांनी अचूक नोंदवली.

रक्तातील अॅड्रेनालिन काही मिनिटांतच विघटित होऊ लागते. बिबट्या उसात निघून जातो, शेतकरी घराच्या ओट्यावर येऊन बसतो आणि स्वायत्त चेतासंस्थेची दुसरी, म्हणजे ‘परानुकंपी’ शाखा कार्य करू लागते. तिचे मुख्य रसायन अॅसिटिलकोलिन. त्यामुळे हृदयाची गती मंदावते आणि श्वास लांबतो. ऑटो ल्योवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावरील प्रयोगातून चेतातंतू रासायनिक मार्गाने हृदय मंद करतात हे दाखवले. त्यांना १९३६ साली सर हेन्री डेल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मराठीत या अवस्थेलाही शब्द आहेत : सुटकेचा निःश्वास टाकणे, हायसे वाटणे, जीव भांड्यात पडणे. ताण निरोगी असण्याची खूण हीच की, तो सुरू होतो आणि संपतोही.

३.३ नेवाशाची साक्ष

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला या लक्षणांची यादी नवी वाटू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू (कंप), वैवर्ण्य (रंग उतरणे), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणे). हात हलवणे, मान वळवणे अशा अभिनयापेक्षा हे भाव निराळे मानले गेले. मन तद्रूप झाल्याखेरीज ते प्रकट होत नाहीत, अशी धारणा त्यामागे आहे. इच्छेने करता येणाऱ्या हालचाली आणि इच्छेच्या ताब्यात नसलेले शारीरिक बदल यांतील हा भेद आधुनिक शरीरशास्त्रातील ऐच्छिक व स्वायत्त चेतासंस्थेच्या भेदाच्या बराच जवळ जातो. आठही भावांची यंत्रणा एकच नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. उदाहरणार्थ, रोमांच अनुकंपी शाखेमुळे उमटतो, तर अश्रूंच्या स्रावात परानुकंपी शाखेचा मोठा वाटा असतो.

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये प्रवरेकाठच्या नेवासे येथे भगवद्गीतेवर मराठी भाष्य केले. नेवासे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात, समोर स्वकीय उभे पाहून अर्जुनाची जी अवस्था होते तिचे वर्णन आहे. त्याची गात्रे गळतात, तोंड सुकते, देहाला कंप सुटतो, रोमांच उभे राहतात, त्वचेचा दाह होतो आणि गांडीव हातातून निसटते.

या वर्णनाच्या वाक्यरचनेकडे लक्ष द्या. येथे अर्जुन कर्ता नाही. गात्रे, तोंड, गांडीव हे कर्ते आहेत. गांडीव ‘निसटते’, अर्जुन ते टाकत नाही. अध्यायाच्या शेवटी मात्र तो धनुष्यबाण टाकून देऊन खाली बसतो. तेथे अर्जुन कर्ता होतो, कारण तो त्याचा निर्णय आहे. शरीराला जे होते आणि माणूस जे करतो, या दोहोंतील सीमारेषा व्याकरणाने येथे स्पष्ट आखली आहे. हे निरीक्षण पुढे ३.६ मध्ये आपल्या उपयोगी पडणार आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) ‘तोंडचे पाणी पळणे’ या वाक्प्रचाराचा शारीरिक आधार दोन वाक्यांत लिहा.
(आ) सात्त्विक भाव व स्वायत्त चेतासंस्था यांतील साम्य सांगा.

३.४ काही मिनिटांनंतरचे रसायन

अॅड्रेनालिनची लाट ओसरत असतानाच दुसरी, संथ लाट उठते. अधश्चेतक ‘सीआरएच’ नावाचे संप्रेरक स्रवतो. ते लगतच्या पियुषिका ग्रंथीला ‘एसीटीएच’ स्रवण्यास लावते. हे दुसरे संप्रेरक रक्तातून अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यभागापर्यंत जाते आणि तेथून ‘कॉर्टिसोल’ बाहेर पडते. एका ग्रंथीत दोन विभाग आणि दोन वेगळ्या वाटा : अंतर्भागाला चेतातंतूंमार्फत आज्ञा मिळते, म्हणून तो तत्काळ कार्य करतो. बाह्यभागाला रक्तातून निरोप पोहोचावा लागतो, म्हणून त्याला वेळ लागतो. ताणाचे कारण घडल्यानंतर साधारणपणे २० ते ३० मिनिटांनी रक्तातील कॉर्टिसोल आपल्या उच्च पातळीला पोहोचते.

कॉर्टिसोल हा शरीराचा शत्रू नाही. ते यकृतातून साखर उपलब्ध करून देते, दाह आवरते आणि रक्तदाब टिकवते. निरोगी माणसात त्याला दैनंदिन लय असते. पहाटे जाग येण्याच्या सुमारास ते सर्वाधिक असते, मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. त्याला लगामही असतो. रक्तात ते पुरेसे वाढले की मेंदूतील हिप्पोकॅम्पस, अधश्चेतक व पियुषिका यांना ते जाणवते आणि पुढील स्राव थांबवला जातो. टाकी भरली की मोटार आपोआप बंद व्हावी, तशी ही व्यवस्था आहे.

आपल्या सर्वांच्या अनुभवातील एक उदाहरण घेऊ. नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून अनेक वर्षांनी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका हाती पडताच पाठ असलेले उत्तरही आठवत नाही. परीक्षा संपवून बाहेर आल्यावर मात्र ते लख्ख आठवते. ताणाच्या वेळी अतिरिक्त नॉरअॅड्रेनालिन कपाळामागच्या मेंदूबाह्यकाचे, म्हणजे सावध विचार करणाऱ्या भागाचे कार्य विस्कळीत करते, आणि कॉर्टिसोल साठवलेली माहिती आठवण्यात अडथळा आणते. ही बुद्धीची उणीव नव्हे. अशा वेळी लेखणी खाली ठेवून दोन-तीन मिनिटे श्वास सावकाश, विशेषतः उच्छ्वास लांबवून सोडल्यास परानुकंपी शाखेला वाव मिळतो व हृदयाची गती उतरते.

३.५ न संपणारा ताण

अकोल्यातील बिबट्या निघून जातो. कर्ज मात्र निघून जात नाही. ताणाची ही व्यवस्था मुळात थोड्या वेळाच्या संकटासाठी सिद्ध झालेली आहे. ‘आता धोका टळला’ असा क्षण तिला अपेक्षित असतो. दुष्काळात तो क्षण कोणता मानावा? मृगाकडे डोळे लावायचे, मग आर्द्रेकडे, मग परतीच्या पावसाकडे. १९७२ चा दुष्काळ या जिल्ह्यातील वृद्धांच्या बोलण्यात आजही येतो. २०१८-१९ च्या टंचाईत येथील असंख्य कुटुंबांनी जनावरांसह चारा छावण्यांत दिवस काढले. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून ऊसतोडणीसाठी जाणारी जोडपी मुकादमाकडून आगाऊ उचल घेतात. ती फिटेपर्यंत पहाटेच्या अंधारात उठून फडात उतरणे चुकत नाही. येथे झोपेची वेळ मोडते आणि झोपेबरोबर कॉर्टिसोलची लयही.

ताणाचे कारण महिनोन्‌महिने टिकून राहिले की लगामाची व्यवस्था ढासळू लागते. काहींमध्ये कॉर्टिसोल सतत चढे राहते. काहींमध्ये उलट त्याची दैनंदिन लय सपाट होते आणि सकाळी उठतानाच शीण जाणवतो. रक्तदाब व रक्तातील साखर वाढण्याचा धोका निर्माण होतो, रोगप्रतिकारशक्ती कमजोर होते, जखमा भरण्यास विलंब लागतो. स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसच्या चेतापेशींवरही अनिष्ट परिणाम होतो. मेंदूला शांतवणारे ‘गाबा’, मनःस्थिती व झोप यांच्याशी संबंधित सेरोटोनिन, उमेद व आवड यांच्याशी संबंधित डोपामिन यांचा परस्परमेळ बिघडतो. मात्र ‘अमुक रसायन कमी झाले, म्हणून नैराश्य आले’ इतके हे गणित सोपे नाही. अनेक रसायने, आनुवंशिकता, आजार, आर्थिक स्थिती आणि नातेसंबंध यांची त्यात गुंतागुंत असते.

मराठीने ही अवस्थाही टिपली आहे : झुरणे, खंगणे, घोर लागणे, धसका घेणे, हाय खाणे, चिंतेने पोखरणे. काटा ‘येतो’, घाम ‘फुटतो’, ठोका ‘चुकतो’ या क्रिया क्षणात पूर्ण होणाऱ्या आहेत. झुरणे, खंगणे, पोखरणे या क्रियांना मात्र कालावधी लागतो. म्हणजे ताणाच्या दोन लाटांमधील कालभेद आपल्या क्रियापदांतही उतरला आहे.

३.६ वाक्यातील कर्ता कोण?

आता प्रास्ताविकातील प्रश्नाकडे वळू. पुढील वाक्ये पाहा.

गट ‘क’ : माझ्या अंगावर काटा आला. तिला दरदरून घाम फुटला. त्याच्या घशाला कोरड पडली.

गट ‘ख’ : त्याने धसका घेतला. तिने हाय खाल्ली. तो फार काळजी करतो. तिने ते मनाला लावून घेतले. तू टेन्शन घेऊ नकोस.

गट ‘क’ मधील क्रियापदे अकर्मक आहेत. व्याकरणिक कर्ते काटा, घाम, कोरड हे आहेत. माणूस ‘माझ्या’, ‘तिला’, ‘त्याच्या’ अशा रूपांत, म्हणजे अनुभव घेणारा म्हणून येतो. गट ‘ख’ मध्ये मात्र घेणे, खाणे, करणे ही सकर्मक क्रियापदे आहेत आणि माणूस कर्त्याच्या जागी आहे. आज्ञार्थाची कसोटी लावली की फरक अधिक स्पष्ट होतो. “अंगावर काटा आणू नकोस” किंवा “घाम फोडू नकोस” असे कोणी म्हणत नाही. “भिऊ नकोस” असे आपण म्हणतो, पण तो दिलासा असतो. घाबरलेल्याच्या घामाचा दोष आपण त्याला देत नाही. “टेन्शन घेऊ नकोस” हे वाक्यही दिलासा म्हणूनच उच्चारले जाते. तथापि त्याच्या रचनेत एक गृहीत दडलेले असते : हे टेन्शन तू घेतलेस, म्हणून ते सोडणेही तुझ्याच हाती आहे.

शरीरशास्त्राला हे गृहीत मान्य होणार नाही. अॅड्रेनालिन जसे इच्छेने स्रवत नाही, तसे कॉर्टिसोलही इच्छेने स्रवत नाही. बांधावरच्या शेतकऱ्याचा घाम जितका अनैच्छिक, तितकीच कर्जाखालील शेतकऱ्याची मोडलेली झोप अनैच्छिक. एकाच यंत्रणेच्या दोन लाटा असताना पहिल्या लाटेत माणसाला अनुभव घेणारा मानायचे आणि दुसरीत कर्ता, ही भाषेची सवय आहे. तो शरीराचा नियम नव्हे.

भाषेची रचनाच विचार ठरवते, असा टोकाचा निष्कर्ष येथे काढायचा नाही. मराठीत अपवादही आहेत. “त्याला घोर लागला आहे”, “तिला चिंतेने पोखरले आहे” या वाक्यांत माणूस अनुभव घेणारा आहे. ‘टेन्शन येणे’ आणि ‘टेन्शन घेणे’ ही दोन्ही रूपे रूढ आहेत. म्हणजे भाषेने आपल्यापुढे दोन पर्याय ठेवले आहेत आणि निवड बोलणाऱ्याची आहे. या निवडीचा परिणाम पुढच्या प्रश्नावर होतो. ‘टेन्शन घेतले’ म्हटले की स्वाभाविक प्रश्न येतो, “का घेतलेस?” आणि बोट माणसाकडे वळते. ‘घोर लागला’ म्हटले की प्रश्न येतो, “कशाचा लागला?” मग बोलणे विहिरीकडे, कर्जाकडे, आजारपणाकडे वळते. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणे त्रस्त माणसालाही सोपे जाते.

३.७ जीवनव्यवहारातील उपयोजन

हा भेद केवळ वर्गातील चर्चेपुरता नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि त्या कृत्याबद्दल तिच्यावर खटला चालवून तिला शिक्षा करता येत नाही. तिला उपचार व पुनर्वसन मिळवून देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. कायद्याच्या भाषेत जी व्यक्ती पूर्वी गुन्ह्याची ‘कर्ता’ होती, तीच आता ताण ‘सोसणारी’ म्हणून ओळखली जाते. व्याकरणातील जागा बदलली आणि त्याबरोबर वागणूकही बदलली.

गावपातळीवर हे काम ऐकण्यापासून सुरू होते. जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. पुढे या कार्याची दखल जगभर घेतली गेली. अशी सेविका गावाची भाषा जाणते, हे तिचे मोठे बळ असते. ताणाखालील माणूस “मला ताण आहे” असे क्वचितच सांगतो. तो सांगतो : डोके जड झाले, अंग मोडून येते, छातीत भरून येते, भूक मेली, डोळ्याला डोळा लागत नाही. ही शरीराची भाषा ज्याला कळते, तो वेळेवर पुढचे पाऊल टाकू शकतो. छातीत दुखत असेल तर ते ताणामुळेच आहे असे स्वतः ठरवू नये. आधी वैद्यकीय तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

विश्वासाच्या माणसापाशी बोलणे, नियमित झोप, शारीरिक हालचाल आणि संथ श्वसन यांनी शरीराला ‘धोका टळला’ असा निरोप पोहोचण्यास मदत होते. ‘बोलून मोकळे होणे’ या वाक्प्रचारातही हाच अनुभव साठलेला आहे. परंतु श्वसनाने विहिरीला पाणी येत नाही आणि कर्जही फिटत नाही. म्हणून ताणाच्या कारणांवरील सामाजिक व आर्थिक उपाय आणि ताणाखालील व्यक्तीवरील उपचार हे दोन्ही एकाच वेळी व्हावे लागतात. झोप, भूक व उमेद दोन आठवड्यांहून अधिक काळ हरपली असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी निःशुल्क बोलता येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) कॉर्टिसोलला ‘लगाम’ कसा घातला जातो?
(आ) ‘टेन्शन येणे’ व ‘टेन्शन घेणे’ यांतील व्याकरणिक फरक स्पष्ट करा.

४. सारांश

ताणाचा प्रतिसाद दोन लाटांत येतो. पहिली लाट अॅड्रेनालिन व नॉरअॅड्रेनालिन यांची. ती क्षणात उठते व मिनिटांत ओसरते. दुसरी लाट कॉर्टिसोलची. ती सावकाश उठते आणि कारण टिकून राहिले तर तिची लय बिघडते. मराठी वाक्प्रचारांनी या दोन्ही लाटांची लक्षणे अचूक टिपली आहेत. पहिल्या लाटेत मराठी माणसाला अनुभव घेणारा मानते. दुसऱ्या लाटेत ती बहुधा त्याला कर्ता बनवते. शरीराच्या दृष्टीने दोन्ही लाटा सारख्याच अनैच्छिक आहेत. म्हणून दीर्घकाळ ताण सोसणाऱ्या माणसाविषयी बोलताना ‘त्याने घेतले’ याऐवजी ‘त्याला लागले’ असे म्हणणे हे अधिक अचूक आहे आणि अधिक माणुसकीचेही.

५. पारिभाषिक शब्द

संप्रेरक : ग्रंथीतून रक्तात मिसळून दूरच्या अवयवाचे कार्य प्रेरित करणारे रसायन.
अधश्चेतक : मेंदूच्या तळाशी असलेले, चेतासंस्था व ग्रंथी यांना जोडणारे केंद्र.
अनुकंपी व परानुकंपी : स्वायत्त चेतासंस्थेच्या अनुक्रमे सज्ज करणारी व शांतवणारी अशा दोन शाखा.
अनुभव घेणारा : क्रिया न करता तिचा परिणाम ज्याला जाणवतो, तो वाक्यातील घटक.

६. सरावासाठी स्वाध्याय व क्षेत्रकार्य

१. शीघ्र ताण व दीर्घकालीन ताण यांची तुलना वाक्प्रचारांच्या आधारे करा.
२. ‘गांडीव निसटले’ आणि ‘गांडीव टाकले’ या दोन रचनांतील अर्थभेद स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील वृद्ध व्यक्तींकडून भीती आणि काळजी यांविषयीचे किमान पंधरा वाक्प्रचार मिळवा. प्रत्येकात माणूस कर्ता आहे की अनुभव घेणारा, हे नोंदवा. बोलणाऱ्याचे नाव वा खासगी अडचणी नोंदीत आणू नयेत. नोंद संपल्यावर मात्र थोडा वेळ त्यांच्याजवळ बसून त्यांचे बोलणे ऐकावे.